आमची वाटचाल : चार तारा आणि आंबिल ओढा

गणपती जवळ आले की फोन सुरू होतात. दादा मंगळवारी शो आहे, आठ गाण्यांचा बेस लिहून हवाय, नेटवरचं नको, तुमच्यावालं पाहिजे. बेस म्हणजे बेस गिटार, चार जाड तारांची, खालचे सूर देणारी. गाण्यात ती जे वाजते ते ऐकून आम्ही कागदावर उतरवतो आणि ते नोटेशन विकतो. हे 'तुमच्यावालं' ऐकायला मिळावं म्हणून आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि माझ्या बायकोने, काय काय केलं ते एकदा लिहून ठेवायचं होतं.

मी स्वतः पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. पुण्यातली बालगंधर्व, टिळक स्मारक, भरत नाट्य ही नाट्यगृहं, शिवाय गावोगावच्या जत्रा. तेव्हा नवीन माणसाला गाणं शिकवायची पद्धत एकच, कीबोर्डवाला कॉर्ड ओरडून सांगणार आणि तुम्ही रूट, म्हणजे त्या कॉर्डचा मूळ सूर, पकडून ठोकत राहायचं. पुढे कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवायला लागला, ऑर्गनायझरचं एक पाकीट वाचलं आणि चांगले चांगले बेसवाले घरी बसले. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. डाव्या हाताने सूर मिळतो हो, पण तो कुठे सोडायचा ते कळत नाही, आणि बेसमध्ये अर्धं काम सोडण्याचं असतं. पंचमदांच्या (आर. डी. बर्मन) गाण्यांत बेसवादक टोनी वाझ यांनी जे वाजवलंय ते कान देऊन ऐका, दोन सुरांच्या मधली शांतता सुद्धा मोजून ठेवलेली आहे. ती कागदावर उतरवायची, एवढ्यासाठी 2009 मध्ये नोकरी सांभाळून हे काम सुरू केलं.

बेस लिहिणं म्हणजे सूर ओळखणं असं लोकांना वाटतं. सूर ओळखणं हा सोपा भाग. बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी (E, A, D, G). खालची ई तार मोकळी, म्हणजे बोट न दाबता, साधारण 41 हर्ट्झची, मोबाईलच्या स्पीकरवर ती येतच नाही, तुम्हाला ऐकू येतात ते वरचे अंश. म्हणून आधी हेडफोन, मग वरचा आवाज कापायचा, स्पीड निम्मा करायचा, आणि तरीही तबला-ढोलकीत हरवला तर अख्खा ट्रॅक एक सप्तक वर चढवून ऐकायचा, मग बेस चेल्लोसारखा वर येतो आणि दिसायला लागतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये टेपचा स्पीड पुढेमागे झालेला असतो, गाणं ई आणि एफच्या मध्येच कुठेतरी बसतं, तेव्हा आधी गाणं सुरात आणायचं आणि मग पेन्सिल हातात घ्यायची. पेन्सिलच, त्याचं कारण पुढे येईल.

आणि खरं काम त्यानंतर. एकच 'जी' (G) हा सूर चार ठिकाणी मिळतो, मोकळी जी तार, डी तारेवर पाचवा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी), ए वर दहावा, ई वर पंधरावा. चारही ठिकाणी सूर तोच, आवाज वेगळा. मूळ वादकाने कुठे वाजवलाय ते आवाजाच्या जाडीवरून आणि पुढचा सूर किती लांब आहे त्यावरून ठरवायचं. म्हणून आम्ही वर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) आणि खाली टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट ते आकड्यांत), दोन्ही देतो. ओळीला चार बार (तालाचे उभ्या रेघांनी पाडलेले भाग), जास्त नाही. चार बीटच्या बारचा मध्य, म्हणजे तिसरी बीट, कधीच झाकायची नाही, सूर त्यावरून पुढे जात असेल तर तोडून टाय, म्हणजे दोन भाग जोडणारी कमान, मारायचा, कारण स्टेजवर लाल-निळ्या लाईटमध्ये वाचणाऱ्याचा डोळा तिथेच टेकतो. पान उलटायचं असेल तर जिथे बेसला दोन बार विश्रांती आहे तिथेच उलटलं पाहिजे. नवीन मुलं मला लिहिलेलं पाठवतात तेव्हा मी पहिलं हे बघतो, सूर नंतर. न विचारता सांगतोय, पण तुम्ही लिहीत असाल तर आजपासून हे करा.

आमची एक खूण आहे. सुरावर छोटा त्रिकोण. त्याचा अर्थ, मोकळी तार नको, दाबूनच वाजव. मोकळी तार घुमत राहते, सोडलेली जागा भरून टाकते. ही खूण कुठल्या पुस्तकातली नाही, मी माझ्यासाठी काढली होती.

जुने बेस विकायला लागलो ते ओघातच. नोटेशन न्यायला आलेला माणूस म्हणायचा, दादा नेक (गिटारची मान) वाकलीय बघता का. बघता बघता पुण्यात अरण्येश्वरच्या बाजूला एका सोसायटीत तळमजल्याचा गाळा घेतला, भिंतीला हुक मारले, यामाहा, आयबानेझ, स्क्वायर, कॉर्ट, कलकत्त्याचे गिवसन, जे येईल ते सेटअप करून विकायचं. काही वर्षं छान गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

25 सप्टेंबर 2019. रात्री पाऊस असा कोसळत होता की समोरची बिल्डिंग दिसेना. आम्ही घरी, गाळा दहा मिनिटांवर, आणि गाळ्याजवळच्या आंबिल ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलंय असा फोन आला तेव्हा निघणं शक्यच नव्हतं. त्या रात्री पुण्यात माणसं वाहून गेली, त्यापुढे आमचं नुकसान काहीच नाही हे मला कळतं, पण ते आमचं होतं. सकाळी शटर वर करायला चौघं लागले. छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ. 23 बेस, त्यातले 19 पाण्याखाली गेलेले, काही केसमध्ये होते आणि केस पाण्याने भरलेली. खालच्या फळीवर दहा वर्षांच्या वह्या.

मी एक यामाहा उचलला, पुसला आणि बाहेर उन्हात ठेवायला निघालो, तेवढ्यात सांगलीच्या काकांचा फोन.

काकांबद्दल सांगायला हवं. आमचं पहिलं विकलेलं नोटेशन त्यांनी घेतलं, बँकेत नोकरी करून ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस, तेव्हापासून एक सीझन चुकला नाही. त्यांच्या घरात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे भिजलेल्या वाद्याचं काय करायचं हे ते दीड महिन्यापूर्वीच शिकले होते, तेही मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांकडून. फोनवर पहिलं वाक्य, "उन्हात ठेवू नकोस लेका, लाकूड फाटतंय." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ते पुण्यात हजर, पिशवीत जुनी धोतरं आणि ॲल्युमिनियमच्या चार सरळ पट्ट्या.

तीन दिवस राहिले. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढून नेक वेगळ्या केल्या, पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबक) आणि पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) बाहेर काढून गोड्या पाण्याने धुऊन मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले, प्रत्येक नेक पट्टीला क्लॅम्प लावून सावलीत, पंखा लांबून. पट्ट्या चारच, म्हणून बाकीच्या आम्ही भंगारवाल्याकडून आणल्या. महिनाभर कशालाही तार चढवायची नाही हा काकांचा हुकूम. ज्यांची नेक बॉडीत चिकटवलेली होती ते सांध्यातून उकलले, ते गेलेच. स्क्रूवाल्यांतले 11 वाचले. ज्यांचा ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सरळ करणारी धातूची सळई) गंजून अडकला ते बेस मी कुणालाच विकले नाहीत, त्यांचे पार्ट काढून ठेवले.

वह्यांचं मात्र आश्चर्य. जेल पेनने लिहिलेली पानं निळी झाली, काही वाचता येईना. पेन्सिलने लिहिलेली जशीच्या तशी. बायकोने घरात दोऱ्या बांधून एकेक पान वाळत घातलं आणि पुढचे पाच महिने रोज रात्री ती पानं म्युझस्कोअर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली, तिला बेस वाजवता येत नाही, पण माझ्या नोटेशनमधली चूक ती माझ्या आधी पकडते. आज आमच्याकडे जे काही आहे ते तिने त्या पाच महिन्यांत वाचवलेलं आहे.

याच काळात ते झालं. गाळा बंद होता तेव्हा आमच्याच लाईनमधल्या एकाने, नाव घेत नाही, आमच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं की यांचं दुकान कायमचं बंद झालं. आणि निम्म्या भावात नोटेशन द्यायला लागला. मला कळलं कसं, तर कोल्हापूरच्या एका मुलाचा फोन आला, सर नोटेशन घेतलंय त्यात सुरांवर त्रिकोण आहेत, त्याचा अर्थ देणाऱ्यालाच माहीत नाही, तुम्हाला माहितीय का. पान मागवलं. माझंच पान. वरचं नाव खोडलेलं, त्रिकोण तसेच. मी त्या माणसाला फोन केला तर म्हणाला गाणं काय तुमच्या मालकीचं आहे का. गाणं माझं नाहीच. पण त्या चार मिनिटांसाठी मी दोन रात्री कान लावून बसलोय, ते बसणं माझं आहे. त्याने कधी माफी मागितली नाही, आणि माझ्या 40 तरी गिऱ्हाइकांपैकी निम्मे परत यायला दोन वर्षं लागली.

मग लॉकडाऊन. शो बंद, आणि वाजवणारे लोक बेस विकायला यायला लागले. डोळ्यांत बघवत नव्हतं. पडेल भावात घेता आले असते, घेणारे होते. आम्ही घेतले नाहीत, ठेवून घेतले, पावती दिली, विकला तर एवढं कमिशन, नाही तर परत न्या. सहा जणांनी परत नेले. त्यातले चार आज वाजवतायत.

सेकंडहँड बेस घेणाऱ्यांसाठी, घाई करू नका. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्याजवळ व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. बारावा फ्रेट दाबून आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकं टेकवून निघणारा सूर), दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. ट्रस रॉडचा नट फिरतो का बघा, फक्त पाव फेरा, त्याहून जास्त कुणाला फिरवू देऊ नका. आणि ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, बेस असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर नऊ व्होल्टची बॅटरी आतल्या आत संपते आणि मग लोक पिकअप गेला म्हणून आमच्याकडे येतात. विकणारा बोलू लागला की हात बेसवरून काढू नका, वाजवत राहा.

वाचलेल्या 11 पैकी तो यामाहा काकांकडे आहे. पैसे घेणार नव्हतो, त्यांनी बळजबरीने दिले. गेल्या नवरात्रात रात्री साडेअकराला त्यांचा फोन, सतराव्या बारमधला त्रिकोण काढ, तिथं मोकळीच तार वाजलीय. मी नाही म्हटलं. ते म्हणाले ऐक परत. हेडफोन लावला, सप्तक वर चढवलं, स्पीड निम्मा केला. मोकळीच होती. बायकोला उठवलं, पान दुरुस्त केलं आणि ते नोटेशन ज्यांनी ज्यांनी विकत घेतलं होतं त्या सगळ्यांना त्याच रात्री नवीन पान पाठवलं.