भल्या डॉक्टरांचा सल्ला

आज कुत्र्याला दवाखान्यात नेलं होतं. खाज सोडली तर ठणठणीत. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि एका ठरावीक कंपनीचं खाद्य लिहून दिलं. तीच पोती दाराशी रचलेली, भिंतीवरच्या तक्त्यावरही तेच नाव. "दुसरं चालेल का?" विचारल्यावर जरा थांबून म्हणाले, "चालेल की, प्रथिनं कुठली आहेत तेवढं बघा." मग हे आधी का नाही सांगितलं?

माणूस भला आहे, म्हणूनच जास्त टोचलं. आपला कल कधी झुकला हे भल्या माणसालाही कळत नाही. २०१६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, औषध कंपनीचं एकच जेवण घेतलेले डॉक्टरसुद्धा तिचं ब्रँडेड औषध जास्त लिहिताना दिसले. (जेवणामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही, पण संबंध दिसतो.) तिथे २०१० च्या कायद्यामुळे कंपनीने कुठल्या डॉक्टरला किती दिलं ते कुणीही पाहू शकतं. प्राण्यांच्या डॉक्टरांना मात्र तो लागू नाही. आणि प्राण्यांचं खाद्य बनवणाऱ्या मार्सने २०१७ मध्ये व्हीसीए ही दवाखान्यांची अख्खी साखळीच विकत घेतली!

पुढच्या वेळी मी सरळ विचारणार आहे: डॉक्टर, यात तुम्हाला काय मिळतं?