"माझ्याकडे कोणताही अनुभव नाही"

भाचीच्या कव्हर लेटरची पहिलीच ओळ. त्याखाली "तरी कृपया एक संधी द्यावी ही नम्र विनंती". म्हटलं अगं नोकरी मागतेयस की रजेचा अर्ज लिहितेयस?

बीकॉम झालीय, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला जागा आहे, तिथं पाठवायचं होतं. मी म्हटलं एक पान पुरे, पण जे नाही ते आधी कशाला सांगायचं, जे आहे ते सांग की. तर म्हणे, "मामा, आहे काय माझ्याकडं?"

आणि हे बोलताना तिच्या मांडीखाली ती वही होती. ताईच्या कडक भाकरीच्या ऑर्डरची. चार वर्षं हीच लिहितेय, कुणाला किती डझन, शेंगा चटणी किती, पुण्याला कुरियर कधी गेलं, फोनपे आलं की नाही, उधारी लाल पेनानं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर जत्रेच्या दिवसात तर फोन आणि वही दोन्ही हिच्याकडंच असतं, ताईचे हात पिठातच.

म्हटलं हे लिही. तर हसली. "हे काय काम आहे का, हे घरचंय."

बराच वेळ वाद घातल्यावर लिहिलं एकदाचं. "चार वर्षे आईच्या व्यवसायाचा जमा-खर्च व उधारी वसुली सांभाळली."

चहा घेऊन परत येईस्तोवर बघतो तर "आईच्या" खोडून "एका गृहउद्योगाच्या" केलेलं.

ताई आत भाकऱ्या थापत होती. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का?