न्हाणीचं दार आतून अडलं तेव्हा

चवथ तोंडावर आली की गोव्यात पडदे, चादरी, वाकळी सगळं एकदम धुवायला निघतं. पावसात काही वाळत नाही, त्यामुळे भिस्त ड्रायरवर. या दिवसांत वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला ‘मशीन उड्या मारतं’ ही तक्रार नेहमीचीच. डिचोलीचा फोन मात्र वेगळा होता: मशीन सरकत दारापाशी आलंय आणि न्हाणीचं दार उघडत नाही.

दार आत उघडणारं, जेमतेम चार बोटं फट. आधी एमसीबी पाडून वीज तोडली, मग मशीनला जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला, कारण अशा ओढाताणीत इनलेट पाइप निसटतो. फटीतून लाकडी रीप घालून मशीनला अगदी बुडाशी रेटा दिला. वरून ढकललं तर ते कलंडतं.

साडेसहा किलोचं टॉप लोड. आत एकच वस्तू, डबल बेडच्या गादीचं वॉटरप्रूफ कव्हर. उचललं तर घडीत अजून पाणी डुचमळत होतं.

“पण भाऊ, कव्हर केवढं हलकं!” वहिनी म्हणाल्या.

सुकं असताना हलकंच. पण त्याच्या प्लास्टिकच्या थरातून पाणी निथळत नाही. ड्रम हळू फिरतो तेव्हा अडकलेलं पाणी कडेने सारखं पसरू शकतं. मशीनला तोल ठीक वाटतो आणि ते वेग वाढवतं. भर वेगात एखादी घडी सुटली की एका बाजूचं पाणी निघून जातं, दुसरीकडचं राहतं. 25 सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रममध्ये एका बाजूला एक किलो जास्त असेल, तर मिनिटाला 700 फेऱ्यांना तो सुमारे 135 किलो वजनाइतका ओढा देतो. वेग निम्मा केला तर ओढा पावपट होतो. ड्रमच्या तोंडाशी पाणी भरलेली बॅलन्स रिंग असते खरी, पण ती थोडाफार फरक सांभाळते, एवढा नव्हे.

ड्रमभोवतीचा टब चार कोपऱ्यांच्या स्प्रिंगवाल्या सस्पेन्शन रॉडवर लटकतो. मागचा एक रॉड खोबणीतून सुटला होता. बाकीचे तपासायला टब हाताने दाबून सोडला: एकदा वर येऊन थांबायला हवा, हा डुलतच राहिला. म्हणजे रॉडच्या कपातली पकड गेलेली. असे रॉड चारही एकदम बदलावेत. काही मशीनमध्ये पुढचे-मागचे स्प्रिंग वेगळ्या ताकदीचे असतात, रंग बघून जागच्या जागी बसवायचे. रॉडवर गंज काढायचा स्प्रे मारण्याची काहींना हौस असते; त्याने कपातलं ग्रीस धुऊन जातं आणि टब अजूनच डुलतो.

मशीन सरकायला चाकांच्या स्टँडनेही हात दिला. न्हाणीची फरशी जाळीकडे उतरती असते, त्यात चाकं! स्टँड काढला, पुढचे पाय फिरवून लेव्हल घेतली, कोपरे तिरपे दाबून डुगडुग नाही ना ते पाहिलं आणि लॉकनट वर बॉडीला घट्ट आवळले. शेवटी सारखे चार टॉवेल समोरासमोर टाकून स्पिन चालवला. टब बॉडीला लागला नाही.

कव्हर यापुढे हातानेच धुवायचं. वाकळीचं वहिनींनी विचारलंच. साडेसहा किलो ही मर्यादा सुक्या कपड्यांची. सुकी वाकळ त्यात बसली आणि कोंबावी लागली नाही, तर गुंडाळी न करता ड्रमच्या कडेने गोल पसरून टाकायची. स्पिन अडखळला तर मशीन थांबवून ती पुन्हा पसरायची. सारखं स्टार्ट दाबत राहू नये.