खालच्या कडेचा ठिपका

अमळनेरच्या त्या घराच्या जिन्याची जाळी उतरवायला आम्ही सकाळी सातलाच हात घातला. मे महिना. दहानंतर तिथल्या भिंतीला हात टेकवत नाही. घर पडणार होतं, जागेवर तीन मजली इमारत येणार होती आणि तिचं काम माझ्याकडे होतं. पश्चिमेच्या भिंतीतली ती सिमेंटची जाळी १९७४ साली माझ्या वडिलांनी केलेली.

अण्णा चित्रकलेचे शिक्षक. सुट्टीत लोकांना घराचे नकाशे काढून द्यायचे आणि जमेल तिथे स्वतःची जाळी बसवायला लावायचे. नक्षी कपाशीच्या उकललेल्या बोंडाची. आठ इंची चौकोनी ठोकळ्यात चार पाकळ्या, कोपऱ्यांत पाव-पाव वर्तुळ. ठोकळे शेजारी लागले की वर्तुळं पुरी होतात. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची नगरी नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच वस्तूंनी सजवली, हे ते दरवर्षी वर्गात सांगत. आपल्या आसपास जे पिकतं त्यातच चित्र शोधायचं, हा त्यांचा हट्ट तिथूनच आला असावा.

घरमालक भला माणूस. "तुमच्या वडिलांचं काम नव्या जिन्यालाही राहू द्या," असं ते आपणहून म्हणाले होते. म्हणून मी गच्चीच्या कठड्यातला एक सुटा ठोकळा नेऊन मोजला, कॉम्प्युटरवर नक्षी काढली आणि जळगावला साठ नवे ठोकळे पाडून घेतले. त्यातले बारा साच्यातून काढतानाच पाकळीच्या टोकाशी तडकले. मी दोष क्रश सँडला, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूला दिला.

जाळी उतरवायला आलेले मिस्त्री सत्तरीचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. हेच ठोकळे विशीत असताना त्यांनी अण्णांच्या हाताखाली पाडले होते, हे मला तिथे उभी असताना कळलं. पहिली ओळ निघाली. नानांनी ठोकळा उलटा धरला, खालच्या कडेला चिकटलेलं सिमेंट खरवडलं आणि तिथून अंगठा फिरवला.

"ठिपका शे," ते म्हणाले. "हाई बाजू खाले. उलटं लावं ते पानी घरमा येई."

खिळ्याच्या डोक्याएवढा खड्डा. मी मोजलेल्या ठोकळ्यालाही तो होता. हवेचा बुडबुडा समजून मी तो चित्रातून काढून टाकला होता. मग ओळी निघतील तसे मी सगळे चाळीस ठोकळे एकेक उलटून पाहिले. प्रत्येकाच्या खालच्या कडेला, बरोबर मधोमध. भिंतीत बसल्यावर तो दर्जेखाली, म्हणजे सांध्यातल्या सिमेंटखाली झाकला जातो. बसवणाऱ्या हातांसाठीच ठेवलेली ती खूण होती.

खाली-वर असं का, तर प्रत्येक भोकाची खालची बाजू बाहेरच्या अंगाला उतरती आहे. भोकाची उंची आतून दोन इंच, बाहेरून सव्वादोन. पावसाचं पाणी बाहेरच ओघळतं. मला मोजताना ते दिसलं होतं, पण साचा झिजून वाकडा झाला असेल असं धरून मी ती बाजू सरळ करून टाकली. नाना म्हणाले, उतार नसला तर भोकासाठी साच्यात ठेवलेला लाकडी गुटका, म्हणजे ठोकळा, सुटत नाही, ओढला की पाकळी जाते. माझे बारा ठोकळे!

आणि जाडी. अण्णांची तीन इंच, मी केली दोन. वजन चार किलोवरून अडीचवर आलं, बाजारातही तेवढीच चालते. तिथेच पडक्या गिलाव्यावर पेन्सिलीने हिशोब मांडला. दोन इंचाच्या भोकाला तीन इंच खोली असेल, तर चौतीस अंशांच्या वरचं ऊन आत शिरत नाही. मेमध्ये आपल्याकडे सूर्य तिथवर उतरायला साडेचार वाजतात. दोन इंच खोलीला तोच कोन पंचेचाळीसचा, म्हणजे पावणेचारलाच ऊन जिन्यात. त्या पाऊण तासाची किंमत खान्देशातल्या माणसाला सांगावी लागत नाही. अण्णांच्या वहीत दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीचं कात्रण चिकटवलेलं आहे. एडवर्ड ड्युरेल स्टोन यांची १९५९ ची इमारत, सभोवार जाळीच जाळी. फोटोखाली त्यांनी एकच शब्द लिहिलाय: सावली. मी लहानपणापासून त्या पानावरची नक्षीच बघत आले. कॉलेजात लॉरी बेकर यांच्या विटांच्या जाळ्यांनी वह्या भरल्या, पण घरातल्या माणसाची जाळी कधी नीट मोजली नाही.

"साचे कुठे आहेत?" नानांनी विचारलं. सागवानी होते, माळ्यावर ठेवलेले. अण्णा गेल्यावर घराला रंग काढला, तेव्हा ते बंबात गेले. दोन गुटके मी माझ्या हातांनी घातले होते. हे मी नानांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पुढची ओळ सोडवायला लागले.

दुपारपर्यंत चाळीसपैकी सव्वीस ठोकळे धड निघाले. जळगावचे अठ्ठेचाळीस मी मालकांच्या हिशोबात धरले नाहीत. नवा साचा सुताराकडून सागवानातच करून घेतला, गुटक्यांचा उतार नानांनी स्वतः रंधा मारून ठरवला. एकास तीनचा माल, गिरणा नदीची वाळू, चौदा दिवस पाणी. ठिपका मी खिळ्याने दाबला. पहिल्या दोन ठोकळ्यांत तो कडेपासून सरकला, तिसऱ्यात जमला.

नव्या जिन्यात सव्वीस जुने आणि चौदा नवे ठोकळे आहेत. रंगात फरक दिसतो. तो तसाच राहू दिला, रंग मारला नाही. यंदाच्या मेमध्ये एका दुपारी चारला मी घड्याळ घेऊन त्या जिन्यात जाऊन बसले. चार वाजून अडतीस मिनिटांनी पहिला कवडसा तिसऱ्या पायरीवर पडला.