उभ्या गाडीचं मोल

रविवार, रात्र

आज बडोद्यातल्याच अकोटा भागात काकूंकडे जाऊन आलो. पोर्चमध्ये कव्हराखाली काकांची झेड-फोर. कव्हरावर उत्तरायणातला एक फाटका पतंग आणि गुलाबी मांजाचं गुंतवळ अजून तसंच पडलेलं. कव्हर ओढलं तेव्हा धुळीचा वास आला, आणि खाली तो गडद निळा रंग. मला चौदा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. काका गाडी घेऊन थेट आमच्या दांडिया बाजारच्या घरासमोर आले होते आणि अख्खी गल्ली बाहेर आली होती. बाबांनी बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं होतं.

बीएमडब्ल्यू झेड-फोर, 2011 ची. तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, दोन टर्बो, 306 अश्वशक्ती, जर्मनीहून अख्खी आलेली. दोनच माणसं बसतात. बटण दाबलं की ॲल्युमिनियमचं छप्पर वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं. मीटरवर 18,412 किलोमीटर. काका 2021 मध्ये गेले, त्यानंतर ती फाटकाबाहेर जेमतेम दोनदा गेली असेल.

काकूंना आता ती विकायची आहे, आणि मीच घ्यावी अशी त्यांची इच्छा. चहा देताना म्हणाल्या, "काय योग्य असेल ते तूच सांग. मला यातलं काही कळत नाही." घासाघीस करणाऱ्या माणसाशी आपण घासाघीस करतो, पण समोरच्याने निर्णयच आपल्या हातात दिला तर काय करायचं? ही गाडी मला हवी आहे. मी 2011 पासून तिच्याकडे बघतो आहे. म्हणूनच आकडा काढताना हात जपून ठेवायला हवा.

दोन आकडे आधीच हवेत आहेत. मुंबईचा पुतण्या फोनवर म्हणाला, अठरा हजार रनिंग म्हणजे नवीच गाडी, बत्तीस लाखांच्या खाली बोलूच नका. इथल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाने व्हॉट्सॲपवर फोटो बघून चौदा सांगितले. दोघांपैकी कोणीही कव्हर उचललेलं नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, दुसरं काय.

सोमवार

प्रतापनगरच्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकला सकाळी घेऊन गेलो. त्याने बॉनेट उघडायच्या आधी टायरपाशी बैठक मारली. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर 3111. म्हणजे 2011 च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेले, कंपनीतूनच आलेले. नक्षी भरपूर शिल्लक, पण नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं, आणि खोबणीत बारीक भेगा. पंक्चर झालं तरी काही अंतर चालतात ते रन-फ्लॅट टायर, पुढचे वेगळ्या मापाचे, मागचे रुंद. हे टायर घालून एक्सप्रेसवेवर शंभरच्या वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

काकूंनी अभिमानाने सांगितलं की वॉचमन दर रविवारी न चुकता दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. जागेवर दहा मिनिटांत तेल नीट तापत नाही, इंजिनात जमलेली ओल उडून जात नाही, उलट दर आठवड्याला थोडी थोडी वाढते. बॅटरीही सुरू होताना जेवढी खर्च होते तेवढी भरून येत नाही. त्या माणसाने प्रेमाने केलेलं काम, त्याला काय बोलणार. मी काकूंना काही सांगितलं नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथे शेवटची सर्व्हिस 2019 ची. कूलंट, गिअरबॉक्सचं तेल, रबरी होज, छपराच्या हायड्रॉलिकची सील, या सगळ्यांना मीटर कळत नाही, त्यांना वर्षं कळतात. टाकीतलं पेट्रोल किती जुनं, देव जाणे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि तेही पाणी ओढतं.

निघताना मेकॅनिक फडक्याला हात पुसत म्हणाला, "साहेब, आ गाडी चाली नथी, ऊभी रही छे." गाडी चाललेली नाही, उभी राहिली आहे. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाही.

बुधवार

एक गोष्ट मी सोमवारी विचारायची टाळली होती, आज टेप घेऊन गेलो.

ऑगस्ट 2024 चा विश्वामित्रीचा पूर. बडोद्यात जुनी गाडी घेताना आता हा प्रश्न आधी विचारावा लागतो, मालक कितीही घरचा असो. त्या आठवड्यात या शहरात किती गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पुढे त्यातल्या काही धुऊन, सुकवून, अत्तर मारून "कमी रनिंग" म्हणून विकायला आल्या. आमच्या ऑफिसातला एकजण फसला. तीन महिन्यांनी त्याच्या गाडीचं एकेक इलेक्ट्रॉनिक बिघडायला लागलं.

काकू म्हणाल्या, पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण पुराच्या रात्री कोण पोर्चमध्ये मोजत बसतं? पोर्चच्या भिंतीवर चुन्याखाली मातीची फिकट रेघ अजून दिसते. जमिनीपासून टेपने मोजली: नऊ सेंटिमीटर. मग गाडीच्या पोटाखाली टेप घातला, सगळ्यात खालचा भागही त्याच्या वर होता. दाराखालचा उंबरठा तर कितीतरी वर. तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, कारण गाळाची रेघ तिथे राहते आणि कोणी धुवायला जात नाही. स्वच्छ. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलला, सीटचे बोल्ट पाहिले, डिकीचा तळ हुंगला. कुठे गाळ नाही, गंज नाही, कुबट वास नाही. पाणी टायरला लागून गेलं, गाडीत शिरलं नाही.

खरं सांगतो, त्या नऊ सेंटिमीटरनी मला जेवढा आनंद झाला तेवढा मीटरवरच्या अठरा हजारांनी झाला नव्हता. मागे काकू पदराने हात पुसत उभ्या होत्या. "शंका होती का रे?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं केलंस बघितलंस."

शुक्रवार

विमा संपलेला, त्यामुळे रस्त्यावर काढायची नाही. फ्लॅटबेडवर घालून वर्कशॉपला नेली. रंगाची जाडी मोजणारं यंत्र दारं, फेंडर, बॉनेट सगळीकडे फिरवलं. आकडे एकसारखे आले, म्हणजे कुठे ठोकून पुन्हा रंगवलेली नाही. मीटर मागे फिरवलं असेल अशी शंका काकांबद्दल घेणं पाप आहे, पण उद्या मी विकायला काढली तर पुढचा माणूस विचारणारच, म्हणून तेही तपासून घेतलं. आतल्या कंट्रोल युनिटमधले आकडे जुळले. सीटची कड, पेडलचं रबर, स्टीअरिंगचं कातडं, सगळं अठरा हजारांच्या मानाने जितकं झिजायला हवं तितकंच.

या गाडीच्या किल्लीतही शेवटच्या वापराचं किलोमीटर नोंदलेलं राहतं. रोजच्या किल्लीत 18,412. काकूंनी कपाटातून काढून दिलेल्या दुसऱ्या किल्लीत 11,206. रोजची काकांची आणि ही नुसती जादा म्हणून पडलेली असेल, तर मध्येच एकदा कोणी वापरली? मी आकडा लिहून घेतला आणि पुढच्या कामाला लागलो.

शनिवार, मध्यरात्र

हिशोब मांडतोय.

जाहिरातीत दिसतात त्या किमती मागितलेल्या असतात, मिळालेल्या नसतात. याच वर्षाच्या, चाळीस-पन्नास हजार चाललेल्या, वेळेवर सर्व्हिस झालेल्या झेड-फोरला चोवीस ते सव्वीस लाख मागतात. ओळखीतून दोन माणसं गाठली, ज्यांनी प्रत्यक्षात विकल्या होत्या. दोघांनाही बावीसच्या आसपास मिळाले. मी बावीस धरले. व्यापाऱ्याकडून घेतली असती तर त्याचा नफा आणि त्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी माझ्याच खिशातून गेला असता. इथे तो नाही. पण तो वाचलेला पैसा सगळा माझा, हेही मला पटत नाही.

वर दीड लाख: पहिला मालक, मूळ रंग, खरं मीटर. काळजीने ठेवलेल्या वस्तूला दाम मिळायलाच हवा.

वजा: टायर एक लाख चाळीस. सगळी तेलं, ब्रेक, बॅटरी, प्लग, होज, इंधनाची टाकी साफ करणं मिळून एक नव्वद. छपराचं काम साठ हजार. पेन्सिल इथे थांबली. पन्नास हजार चाललेली गाडी घेतली असती तरी तिचे टायर वर्षा-दोन वर्षांत मलाच बदलावे लागले असते, मग सगळा भार काकूंवर का? टायरचे निम्मेच धरले, सत्तर हजार. म्हणजे वजा तीन वीस.

नोंदणीला येत्या नोव्हेंबरात पंधरा वर्षं होतात. आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क 40,000 रुपये आहे, शिवाय फिटनेस तपासणी. तेही वजा करणार होतो, पण 2011 च्या प्रत्येक झेड-फोरला ते आहेच आणि बावीस लाखांत ते आधीच धरलेलं आहे. खोडलं. पुतण्याचं "पुढे क्लासिक होईल" हेही खोडलं. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तो मी दिवसभर पाहिला आहे. त्या गाड्यांचं मोल त्यांच्या दुर्मिळपणाचं. ही तशी नाही. ती चालवायची गाडी आहे.

वीस लाख तीस हजार. वर साडेवीस केले.

विम्याच्या शेवटच्या पॉलिसीवर सोळा लाख किंमत लिहिली आहे. तो आधार मी घेतला नाही. गाडी पाच वर्षांहून जुनी झाली की तो आकडा घसाऱ्याच्या तक्त्याने ठरत नाही, कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. सोळा दाखवले असते तर काकू तेवढ्यातही हो म्हणाल्या असत्या. मला ते ठाऊक आहे.

रविवार

कागद काकूंसमोर ठेवला, एकेक ओळ वाचून दाखवली. टायरचे आकडे मोबाइलवरच्या फोटोत दाखवले. त्यांना सांगितलं की अजून दोन ठिकाणी विचारा, पण तिथल्या माणसांना आधी गाडी दाखवा, फोटो पाठवू नका. आणि कोणालाही विकायची तरी आधी ती तुमच्या नावावर व्हायला हवी, मालक वारल्यावर फॉर्म 31 भरावा लागतो, त्याशिवाय विक्रीचे 29 आणि 30 पुढे सरकत नाहीत.

त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग विचारलं, "आणि हे 11,206 काय लिहिलंयस कोपऱ्यात?"

मी किल्लीचं सांगितलं.

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. "2014 ची दिवाळी. अहमदाबादला बहिणीकडे एकटी गेले होते, एक्सप्रेसवेने. तुझे काका म्हणाले, माझी किल्ली नको, तुझी घे, ती तुझी आहे. येताना आणंदच्या पुढे छप्पर उघडलं. एवढी थंडी वाजली, पण बंद नाही केलं." थोडं थांबून म्हणाल्या, "परत आल्यावर कपाटात ठेवली ती ठेवलीच."

किल्ली त्यांच्या हातात होती. "ही दिली नाही तर किती कमी होतील?"

दुसरी किल्ली नसली तर भाव पडतो, नवी करायला बराच खर्च येतो, कोणताही व्यापारी आधी तेच विचारतो. हे सगळं मला माहीत होतं.

"काही कमी होत नाही, काकू."

त्यांनी ती देवघराच्या खणात ठेवली. कागदावरचा आकडा साडेवीसच राहिला. मंगळवारी फॉर्म 31 घेऊन त्यांच्यासोबत आरटीओत जायचं आहे, मृत्यूचा दाखला आणि आरसी आठवणीने घ्यायला सांगितलं आहे.