विज्ञानकथा मंचावर वाचताना: माझा अनुभव

मराठवाड्यातल्या संमेलनाचं निमंत्रण विज्ञानकथालेखकाला आलं की त्यात तीन-चार कामं एकत्रच असतात: परिसंवाद, कथावाचन, मुलांशी गप्पा आणि ग्रंथदालनात स्वाक्षऱ्या. 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. आज त्या परंपरेतल्या संमेलनांतही लेखकाला हीच कामं असतात, पण वेगवेगळ्या दालनांत, घड्याळ लावून. आपल्याकडे बहुधा मांडव एकच. आधीचे सत्कार लांबले की कात्री लागते ती कथावाचनाला. म्हणून माझी निम्मी तयारी कथा कापण्याची असते.

मंचावर माझा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास असतो. घरी तो सव्वाशेवर जातो, आणि अंदाज तिथेच चुकतो. 15 मिनिटं मिळणार असतील तर 1400 शब्दांची प्रत करतो. तिच्यावरच लाल पेन्सिलीने 10 मिनिटांची आणि हिरवीने 6 मिनिटांची वाट आखतो. उतारा गाळला की सांधा उघडा पडतो: यान बंद पडल्याचं कळतं, पण त्यात पाणी किती उरलं होतं ते गाळलेल्या पानावर राहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक सांध्याला समासात एक जोडवाक्य लिहून ठेवावं. सूत्रसंचालकाची चिठ्ठी आली की लाल वाट धरायची. शेवटाला मात्र हात लावायचा नाही. वेळ संपली म्हणून तो तोंडी उरकला की कथा मेली.

प्रत 16 पॉइंटमध्ये, पाठकोऱ्या सुट्या पानांवर हवी. पिन मारलेली पानं उलटताना खरखर थेट माईकमध्ये जाते. उदगीरचं 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2022 साली ऐन एप्रिलमध्ये झालं. अशा दिवसांत मंचाजवळ कूलर असतो, म्हणून पानांना क्लिपचा पॅड हवाच. माईक तोंडापासून वीतभर, जरा कडेला ठेवावा. अगदी समोर धरला की ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात.

कुठला उतारा वाचायचा ते गाव पाहून ठरवतो. लातुरात मंगळावरच्या पाण्याची कथा वाचायची तर आकडे पक्के हवेत. 2016 च्या एप्रिलमध्ये इथे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. एका वाघिणीत 50 हजार लिटर. सुरुवातीला 10 वाघिणी, पुढे 50. ज्यांनी घागरी मोजून दिवस काढले, त्यांच्यापुढे ‘वसाहतीतल्या 200 माणसांना दिवसाला 300 लिटर पुरलं’ हे वाक्य टिकत नाही. माणशी दीड लिटर पडतं, ते धड पिण्यालाही पुरायचं नाही. अशी वाक्यं मी निघण्याआधी भागाकार करून तपासतो.

हिंगोली-नांदेडकडे औंढा नागनाथजवळच्या लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाचा, प्रश्न येतोच, आणि तो यावाच असं मला वाटतं. उत्तर थोडक्यात द्यावं: काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, लेसर आणि आरसे. गुरुत्वीय लहर गेली की भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मग ‘इथपर्यंत विज्ञान, इथून पुढे माझी कल्पना’ असं स्पष्ट सांगतो, नाहीतर मुलं कथेतलं यंत्रही खरं धरून चालतात. सेमी-इंग्रजीची मुलं असतील तर कृष्णविवराला एकदा ‘ब्लॅक होल’ जोडावं, पुन्हा पुन्हा नको.

प्रवासात एक चूक हमखास होते. लातूर रोड हे जंक्शन म्हणजे लातूर शहर नव्हे. मधे तिसेक किलोमीटर आहेत. तिकीट काढण्याआधी आयोजकांना स्टेशनचं नाव विचारावं. प्रवासखर्च आणि मानधनासाठी पॅनकार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक सोबत ठेवावा.

पुस्तकं कोण आणणार हे प्रकाशकाकडून पंधरा दिवस आधी लेखी घ्यावं. तरीही वीस प्रती मी स्वतःच्या पिशवीत ठेवतो. गर्दीत नेटवर्क बसलं की क्यूआर चालत नाही, म्हणून सुटे पैसेही लागतात. स्वाक्षरी गुळगुळीत मुखपृष्ठावर करू नये, जेलची शाई पसरते. आतल्या नामपृष्ठावर साध्या बॉलपेनाने करावी. आणि वाचकाचं नाव ऐकून लिहायचं नाही. चिठ्ठी पुढे करून त्यालाच लिहायला सांगावं: ‘सुमित’ की ‘सुमीत’, ‘वैष्णवी’ की ‘वैशाली’, गोंगाटात कळत नाही, आणि पुस्तकावर उमटलेलं खोडता येत नाही.