बिनहातच्याचा गुणाकार

१७ जानेवारी, डहाणू

आज गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा जन्मदिवस. १९०५ साली ते आमच्या या डहाणूत जन्मले. आज मनात त्यांच्या आवडीची एकच संख्या घोळते आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, नवापर्यंत चढत जाणारे आणि तसेच उतरणारे.

भाची पाचवीत आहे. तिला म्हटलं, ओळीने नऊ एक लिही आणि त्या संख्येला तिनेच गुण. एकाने गुणायचं म्हणजे तीच ओळ पुन्हा लिहायची, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. वहीवर नऊ पायऱ्यांचा तिरका जिना तयार झाला. मग उभी बेरीज करायची, म्हणजे प्रत्येक रकान्यात किती एक आहेत ते नुसतं मोजायचं. उजव्या टोकाला एक, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुढे पुन्हा घट. कुठेही हातचा आला नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर मावणार नाही एवढं उत्तर वहीत उतरलं, आणि ते असंच का आलं, हेही त्याच पानावर दिसत होतं. गणितात मला याहून मोठं सुख माहीत नाही.

या घराण्यातल्या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' नाव दिलं. डेम्लो म्हणजे डोंबिवली. तिथल्या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली होती.

आता हिच्या अंकांची बेरीज करा: ८१. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो! कारण सोपं आहे. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला नवाने भाग जातो. मग तिच्या वर्गाला नऊ नव्वे एक्क्याऐंशीने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणतात. तेही नाव कापरेकरांचंच.

"मावशी, दहा एक घेतले तर?"

हाच प्रश्न यायला हवा होता. मधल्या रकान्यात दहा एक जमतात आणि पहिल्यांदा हातचा येतो. तो शेजारच्या नवाला जाऊन मिळतो, त्याचेही दहा होतात. पुढच्या आठाचे नऊ होतात आणि तिथे थांबतं. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गेला! अंकांची बेरीज ८२. संख्या विषम, बेरीज सम, म्हणजे भाग जाणं शक्यच नाही. हर्षदपणही गेलं. मला ही मोडण्याची जागाच जास्त आवडते, कारण नऊपर्यंत सगळं इतकं सुरळीत का चाललं होतं, ते इथे कळतं.

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, त्यामुळे त्यांचं काम पुष्कळांना अंकांचा खेळ वाटलं. १९७५ साली गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. खेळ म्हणून हे बाजूला सारणं मला पटत नाही. दहा वर्षांच्या मुलीला 'का' दिसतं, ते गणितच आहे.

भाचीने मग अकरा एकही करून पाहिले: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. बेरीज ८५. शेवटी १ आहे, म्हणजे पाचानेच भाग जात नाही, मग ८५ ने कुठून जाणार? हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.